आतली कडी

दादा,

नमस्कार करतो, पण आज रागाने. हे पत्र पेटीत टाकणार नाही, तुझ्याच हातात देईन; नाहीतर वहिनी आधी उघडेल.

त्या सकाळी देवापुढे हात जोडले आणि उठून लेकीच्या खोलीची आतली कडी काढली. मी सुतार, दोन मिनिटांचं काम. "पोरगी दार लावून बसते म्हणजे काय? कडीच काढ," असं तूच म्हणाला होतास. तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून समुपदेशक बाईंपुढे बसलो, तर तू नातेवाइकांत हसलास, "घरचं गाऱ्हाणं आता फोनला सांगतो." हो, सांगतो. बाईंनी शांतपणे विचारलं, "ती कडी कुठे आहे?" माझ्या खिशातच होती. लेक शेजारच्या खोलीतून तिच्या फोनवर त्याच कॉलमध्ये बसून बघत होती. सल्ला तुझा होता, पण स्क्रू मी फिरवले, याचाच जास्त संताप येतो.

आज कडी परत बसवली. लेकीने आत जाऊन ती लावली. मी बाहेरून दार वाजवलं.

"कोण?"

चार महिन्यांनी ऐकलेला तिचा पहिला शब्द.

"बाबा," म्हटलं, आणि ती उघडेपर्यंत उभा राहिलो.

यापुढे तुझं न ऐकणारा,
तुझा धाकटा