चाराचं घर

७ मार्च १९७६, रविवार

आज पुन्हा लढाई! जेवणं उरकली न उरकली तोच आकारामनं टेबलावर ताडपत्री पसरली. हिरवी, गौसनं रंगवलेली. मधून नदी, पलीकडं बांध, दोन टेकड्या. गौस पेठ वडगावला दुकानांच्या पाट्या रंगवतो. आकारामचा दोस्त, म्हणून शत्रू तोच! त्याचे सागरगोटे, आमचे चिंचोके.

वर काचेसारखा कागद. एक्स-रेच्या जुन्या फिल्मा सोड्याच्या गरम पाण्यात मीच घासल्या, काळं सगळं निघालं. आकारामनं त्यावर सुईनं चौकोनी घरं ओरखडली, शाई भरली, कडेला आकडे घातले. खालची नदीही दिसते, वरची घरंही. एक घर म्हणजे शंभर पावलं. लष्करात नकाशावर असाच कागद टाकायचे म्हणे.

बाळासो याच लढाईत गेला. माझा धाकटा. आपल्याच तोफेच्या गोळ्यानं! गोळा कुठल्या घरात टाकायचा ती चिठ्ठी आकारामनं लिहिलेली. थोरला. तो एक पाय तिकडंच ठेवून घरी आला तेव्हा मीच म्हटलं, "कसं झालं ते मला दाव."

पाचवं वर्ष लागलं. अजून दावतोयच.

१४ मार्च

शत्रू चाराच्या घरात. बाळासो आठाच्या घरात. आकाराम म्हणतो चिठ्ठीत चारच लिवलंतं. ती वाचून पुढं सांगणारा वायरलेसवाला मद्रासकडचा, त्याला मराठीचा गंध नाही — पण आकड्याला मराठी कशाला लागतंय? गोळा मात्र आठात.

म्हणून म्हणे कागद सरकला असंल. कागदाच्या कोपऱ्यातल्या फुल्या ताडपत्रीवरच्या फुल्यांशी जुळवतो, मोडतो. बोटभर इकडं, बोटभर तिकडं. दर रविवारी.

गौस वैतागला. "दादा, एक घर सरकंल, दीड सरकंल. चार घरं सरकाय त्यो कागुद हाय का पतंग?"

"तू शत्रू हाईस न्हवं? मग गप बस की."

दोघं हसले. मी चहा टाकायला उठले.

२१ मार्च

गौसची यष्टी चुकली. खेळ नाही. आकाराम दिवसभर दाराकडं बघत बसला. जशी काय सोयरीक यायची होती!

३० मार्च, मंगळवार

मालनला थोबाडीत दिली. बाळासोची पोर, पाचवीत आहे. इंग्रजी आकडे नवीन शिकलीय, दिसंल ते वाचत सुटते. आज माझी ही वही उघडून बसली.

"आज्जे, ह्यो चौदा मार्च हाय का अठरा? तुजा चार म्हंजे इंग्रजी आठच की! वरची टोकं मिटवतीस कशाला?"

चोरून वाचली म्हणून मारली. ती रडली. मग वहीतला चार मीच निरखून बघितला.

टेबलावरचा कागद उचलून उजेडाला धरला. आकारामचा चारही तसाच. टोकं मिटलेला. मी शाळा बघितली दोनच वर्षं. मास्तर ओरडायचा, टोकं उघडी ठेव. मला ते गळक्या भांड्यासारखं वाटायचं, मी मिटवायची. पोरांना आकडे मीच शिकवले. चुलीपुढं राख पसरून, बोट धरून. बाळासो गिरवायचा कंटाळा करायचा. आकाराम गुणाचा. सांगितलं तसंच्या तसं काढायचा.

पलटणीत तो इंग्रजीच आकडे लिहीत असणार. पण डोक्यावर गोळे पडत असताना माणूस लहानपणचंच लिहितो.

३१ मार्च

भाकरी करपल्या.

२ एप्रिल

सांगू का नको? सांगितलं तर तो सुटंल. कागद सरकला नव्हता, घर चुकलं नव्हतं. मग मी कुठं जाऊ? — असं लिहायची लाज वाटायला पाहिजे. वाटतेय.

चार एप्रिल, रविवार

आकडा घालणार नाही.

सांगितलं. गौस यायच्या आधी. म्हटलं, "आकाराम, कागुद सरकला न्हवता. त्यो चार माझा हाय."

तो फुल्या जुळवत होता. हात थांबला नाही.

"ठावं हाय," म्हणाला. "वायरलेसवाला दवाखान्यात भेटाय आलता. त्यानं तुजा चार आठ वाचलंतं. पर कसं झालं ते दाव म्हणून तू हितं येऊन बसलीस. मग सरकीवला कागुद."