रोज दोन चमचे

शुक्रवार, दुपार

लाडक्या छकुलीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

तू आणि जावईबापू बरे असाल. इथे वृद्धाश्रमात सगळं ठीक आहे. पंखा दुरुस्त झाला. आता नुसता कुरकुरतो, माझ्यासारखा.

माझ्या खोलीतल्या गाणंबाईंना मात्र काल दवाखान्यात हलवलं. सकाळपासून उलट्या, जुलाब. दुपारी तर कुणाला ओळखेनात. सगळ्यांचा रोख आमच्या स्वयंपाकीणबाईवर. बिचारी फ्रिजमधलं एकेक भांडं उघडून दाखवत होती आणि मी दारात उभी राहून नुसती बघत होते.

छकुली, सांगायला जीभ रेटत नाही. तू रविवारी आणतेस तो भात मी त्या दिवशी संपवतच नाही. फ्रिजमध्ये ठेवला तर हे लोक तारखेची चिठ्ठी लावतात आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतात. तुझ्या हातचं कचऱ्यात गेलेलं मला बघवत नाही. म्हणून डबा कपाटात, शालींच्या मागे ठेवते आणि रोज दोन चमचे खाते. तेवढाच रविवार पुरतो. बुधवारी जरा आंबूस वास आला, पण चव तुझीच होती. गाणंबाई म्हणाल्या, "एकट्याच खाता काय हो?" मीच त्यांना वाढला.

मला फार भीती वाटते गं. बाईंचं काही बरंवाईट झालं तर? आणि दुसरी भीती सांगायची लाज वाटते. घरचे डबे बंद झाले, तर तुला यायला निमित्तच उरणार नाही.

मघाशी पत्र अर्धं टाकून उठले. इथल्या डॉक्टरांना डबाच नेऊन दाखवला. ते रागावले नाहीत. आधी दवाखान्यात फोन केला, मग विचारलं, "आजी, तुम्हीही खाल्लंत ना?" मी मान हलवली. तुझ्यापासूनही लपवत होते. कालपासून माझ्याही पोटात मुरडा येतोय, हात थरथरतायत. अक्षर बघून तुला कळलंच असेल.

गाडी दारात उभी आहे. बाई आहेत तिथेच मला नेताहेत. इथल्या ऑफिसातून तुला फोन येईलच, पण डब्याचं माझ्याकडूनच कळायला हवं. पत्र स्वयंपाकीणबाईच्या हाती देते. तिची माफी मागितली. तिने माझी शाल नीट केली.

रविवारी डबा आणू नकोस. रिकाम्या हातांनी ये, पण ये.

तुझी वाट बघणारी,
आई