बाबांच्या शब्दांचा पेनड्राइव्ह

शाझली,

मी बाबांपाशी दवाखान्यात चालले आहे. तू घरी येशील तेव्हा मी नसेन, म्हणून ही चिठ्ठी फ्रीजवर लावते. दुपारी पाणी येईल, तेवढं पिंप भरून ठेव.

पेनड्राइव्ह टेबलावर आहे. बाबांचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा तूच या पेनड्राइव्हमध्ये अख्खी सिस्टीम बसवून दिली होतीस. कुठल्याही कॉम्प्युटरला लावून चालू केला की त्यांचं सगळं जिथल्या तिथे उघडायचं. आपल्या नुबियन बोलीचे दोन हजार शब्द त्यांनी असेच लिहिले, कधी औषधाच्या दुकानात, कधी अस्वानच्या ग्रंथालयात बसून.

काल वॉर्डातल्या सिस्टरने तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला लावू दिला. बाबा उशीला टेकून शब्द सांगत होते, मी लिहीत होते. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले आणि मी घाबरून, सिस्टीम बंद न करताच, तो ओढून काढला. आता नुसता काळा पडदा येतो. चूक माझीच. चार दिवस धड झोपले नाही रे, डोकंच चालत नव्हतं.

बाबांना सांगितलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ज्यानं तो तयार केलाय त्याला बोलव."

मी मुद्दाम विचारलं, "कोणाला?"

"शाझलीला. आणि तो जेवतो का वेळेवर, तेही विचार."

तुमचं भांडण झाल्यापासून आज पाच महिन्यांनी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं. भेटायची वेळ चार ते सहा आहे. पेनड्राइव्ह दुरुस्त झाला नाही तरी ये.

नगात