हौसाच्या विहिरीसाठी

अहो,

मी हौसाच्या गावी, ओव्याला, जाते आहे. दुपारी तिच्या शेजारचे तुळशीराम आले होते. गावात पटकीची साथ आहे. तिचा धाकटा काल गेला, आणि आज तीही अंथरुणाला खिळली आहे. "परवाच तुमच्या मालकांना निरोप दिला व्हता. तुमी आल्या नाय, म्हणून परत आलो," असं ते म्हणाले.

तुम्ही भीतीपोटी बोलला नाहीत, हे मला कळतं. पण माझी सख्खी बहीण आहे ती.

अर्धं परमँगनेट त्यांच्या विहिरीत टाकून पाणी शुद्ध करायला नेते आहे. उरलेलं कोनाड्यात बाटलीत आहे. भाजी धुवायला पातेलंभर पाण्यात दोनच कण टाका, पाणी फिकट गुलाबी झालं की पुरे. गडद जांभळं झालं तर कातडी भाजते. ते पिऊ मात्र नका. प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

कमळी शेजारी भामाकाकूंकडे आहे. मी परत आले तरी चार दिवस पडवीतच राहीन. तेव्हा तिला माझ्याजवळ येऊ देऊ नका. तिने हात पुढे केले, तर मला राहवणार नाही.

यशोदा