सर्व्हरखोलीतल्या कोऱ्या जागा

दिनांक ९ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

मी, नाव लग्नापर्यंत तुझ्या नावानंतर लागत असे तेच, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा कंपनीच्या सर्व्हरखोलीची रखवाली, लिहून देतो की तुझा निरोप पोहोचला. येथे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा चालत नाही, तोंड उत्तम चालते.

चूक झाली असे साहेबांना लिहून द्या, नाहीतर आमच्या दारी येऊ नका, असा तुझा निरोप. लिहून देणार नाही.

हकीकत माझ्याकडूनही ऐक. कंपनीतल्या सर्वांना पत्रे, फायली आणि बैठकांच्या वेळा एकाच ठिकाणी दिसाव्यात, यासाठी सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर बसवायचे होते. ते काम जावईबापूंकडे आले, तेव्हा फाटकातून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मी ते अभिमानाने सांगितले. हे सॉफ्टवेअर एकदम बसत नाही. आधी सर्व्हर अद्ययावत करावा लागतो, मग डेटाबेस, मग परवानग्या. पाया आधी, भिंती नंतर. कंपनीचा नियम असा, की सर्व्हरखोलीत कोणी एकट्याने काम करायचे नाही. किल्लीवाल्याने, म्हणजे मी, शेजारी बसून प्रत्येक टप्पा पाहायचा आणि कागदावर 'माझ्या समक्ष' म्हणून सही करायची. त्यातले मला कळते असा माझा दावा नाही. मी बसतो आणि पाहतो.

जावईबापूंनी पूर्वतयारीचे सगळे टप्पे सुट्टीत, घरी बसून, दुरूनच उरकले. सोमवारी खोलीत येऊन फक्त शेवटचा टप्पा केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"करा सह्या, मामा. सासऱ्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या," ते हसत म्हणाले.

मी शेवटच्या टप्प्यापुढे सही केली. वरच्या जागा कोऱ्या ठेवल्या.

सॉफ्टवेअर उत्तम चालते. त्यांच्या कामात खोट नाही, हे साहेबांना मीच सांगितले. तरीही कोऱ्या जागा पाहून साहेबांनी पुढचे काम त्यांच्याकडून काढून घेतले. म्हातारा सही करायला विसरला, एवढे मी लिहून दिले की ते परत मिळेल म्हणे. मी विसरलो नव्हतो.

परक्यासाठी सही केली असती, असे तू म्हणालीस. परक्यासाठीही केली नसती. मात्र परक्याच्या वेळी घरी येऊन दोन घास गेले असते.

आता माझे म्हणणे. त्यांनी सर्व्हर रिकामा करून सगळे पहिल्यापासून पुन्हा बसवावे. मी स्टुलावर दिवसभर बसेन आणि टप्प्याटप्प्याला सही करीन. मग काम त्यांचेच राहील. साहेबांनी तसा शब्द दिला आहे. तो मी मागून घेतला. कसा, ते विचारू नकोस. जावईबापूंना यात कमीपणा वाटला तर वाटू दे, मलाही साहेबांपुढे उभे राहताना वाटलाच.

राहिले दार. ते तुझे आहे. बोलावल्याशिवाय मी येणार नाही, आणि खोटे लिहून तर मुळीच नाही.

हे पत्र कोणाच्याही दबावाखाली न येता आणि कसलाही खेद नसताना लिहिले. समक्ष हजर: शेजारचे शिंपीकाका व तुझी आई. काकांनी लगेच सही केली. तुझी आई म्हणाली, "खेद नाही, हे मी काही पाहिलेलं नाही. तेवढं खोडा, मग करते."

खोडले आहे. तिची सही खाली आहे.

तुझा बाप