म्हणे किडनी माझा विषय नाही

मंगळवार, रात्र. अमरावती.

अजून कानशिलं तापलेली आहेत. आज संशोधन समितीसमोर मी पाण्यासोबत गावकऱ्यांच्या किडनीचाही अभ्यास मांडला, तर माझे मार्गदर्शक सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तू रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारं पाणी तपास, प्रबंध लिही, मोकळी हो. किडनी तुझा विषय नाही."

मग कोणाचा? डॉक्टर म्हणतात, पाणी आमचा विषय नाही. सर म्हणतात, किडनी आमचा नाही. आणि मी जिथून नमुने आणते त्या दर्यापूरकडच्या शांताकाकू ते खारं पाणी आणि बिघडलेली किडनी दोन्ही एकाच पोटात घेऊन बसल्या आहेत.

लघवीचा नमुना देताना त्यांनी विचारलं होतं, "पानी नेता, लघवी नेता, मंग सांगाले कोनी कावून येत नाई वं?" तपासणीत काय निघालं ते सांगायला कोणी का येत नाही, हा त्यांचा प्रश्न समितीला सांगावा का? सांगितलाच.

"भावना प्रबंधात चालत नाहीत," सर म्हणाले.

"नमुने तर चालतात ना, सर?"

"मग दुसरा मार्गदर्शक शोध."

"शोधते," मी म्हणाले.

तशीच प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे गेले. त्या अकोल्याच्या, घोळवून बोलायची सवय नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "मार्गदर्शक म्हनून माह्यं नाव टाक. पन भांडा लागन तुलेच."

तेवढं येतं मला. एखादं वर्ष वाया जाईल, किडनी माझा विषय नाही हे अजून दहा जण ऐकवतील. ऐकवू देत.

संध्याकाळी आमच्या विभागाच्या फ्रीजमधले माझे सगळे नमुने उचलले आणि बर्फाच्या डब्यात घालून मॅडमच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवले. नमुने घेऊन निघताना सर आमच्या विभागाच्या दारातच उभे होते. मी परवानगी मागितली नाही. फक्त म्हणाले, "सर, जरा वाट द्या."