चढावर गाडी का मरते

बाबा,

तुमच्या फोर बाय फोर गाडीचं कोडं सुटलं. गॅरेजमध्ये जाऊन पुन्हा काही उघडू नका.

अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ती चढावर ओढत नाही, आणि तेही फक्त तुम्ही चालवता तेव्हा, हे मला स्वस्थ बसू देईना. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही तुमचीच शिस्त. पेडलचा सेन्सर बदलला, वायरिंग बदललं, थ्रॉटल बदलला. फरक शून्य. मग ड्रायव्हर बदलला. त्याच चढावर मी तीनदा गेले, गाडी सुसाट!

म्हणून काल गाडीला स्कॅनर जोडून तुम्हाला चालवायला दिली. नोंद आत्ता वाचली. दर वेळी अ‍ॅक्सिलरेटरबरोबर ब्रेकही दाबलेला आहे. दोन्ही एकदम दाबले की कंप्युटर इंजिनाची ताकद कमी करतो. त्याचं काही चुकत नाही. तुमचा उजवा पाय ब्रेकवरही पडतो आणि तुम्हाला ते कळतच नाही.

परवा तुमच्या उजव्या बुटातून एवढा मोठा नट निघाला, दिवसभर तो टोचला कसा नाही? तेव्हा मी म्हटलं, गेंड्याची कातडी, आणि आपण दोघंही हसलो. तुम्ही जरा उशिराच हसलात.

काढलेले जुने पार्ट भंगारवाल्याला द्यायला चाललेय. गाडीची किल्ली माझ्याजवळ आहे, चिडू नका. आज अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचंय, मी चालवेन. पाय कधीपासून बधिर आहे ते त्यांना खरं सांगा. गाडीसारखी नोंद पाय ठेवत नाही.